साडेतीन तोळ्यांचा बाण

आर्डिसने बाण वजनकाट्यावर आडवा ठेवला आणि खिडकी लावून घेतली, कारण बाहेरच्या झुळकीनेसुद्धा त्या काट्याचा आकडा नाचायचा. आकडा सहाशे बावन्न ग्रेनांवर येऊन थांबला. आपल्याकडच्या हिशेबात साडेतीन तोळ्यांच्या किंचित वर. तिने तो बाण उचलून दुसरा ठेवला. सहाशे त्रेपन्न.

टेबलापलीकडे बसलेल्या तिच्या बापाने, हार्लनने, कॉफीचा मग खाली ठेवला आणि मान लांब करून आकडा वाचला.

“हा बाण आहे की कुंपणाचा खांब?”

“बाण आहे, बाबा.”

“मी हा सोडला ना, की एल्क आधी निवांत चरून घेईल, ओढ्यावर जाऊन पाणी पिऊन येईल, आणि मग वळून बघेल, बाण कुठवर आलाय ते.”

“बघू दे. पोचला की आरपार जाईल.”

“पोचला तर.”

जूनपासून हे असंच चाललं होतं. आर्डिस बाण समोर ठेवायची, हार्लन त्याची टर उडवायचा, आणि दोघंही आपापल्या कामाला लागायची. पण आता सप्टेंबर लागला होता. शनिवारी शिकारीचा मोसम उघडणार होता आणि आज बुधवार होता. पालथ्या घड्यावर पाणी ओतायला फक्त आजची दुपार उरली होती.

हार्लन क्वामे बहात्तर वर्षांचा होता आणि मोंटानातल्या त्या खोऱ्यात तो वेगासाठी ओळखला जायचा. जन्मभर नोकरी केली ती जिल्ह्याच्या बर्फ काढायच्या गाड्या दुरुस्त करण्याची, म्हणजे सगळी गाठ संथ आणि अवजड यंत्रांशी. पण धनुष्य हातात आलं की त्याला हलकं आणि वेगवान याखेरीज काही रुचत नसे. पासष्ट पौंडांच्या ओढीचं, म्हणजे दोरी खेचायला तेवढा जोर लागणारं धनुष्य आणि जेमतेम दोन तोळ्यांचा बाण. जुलैच्या जत्रेत बाणाचा वेग मोजायचं यंत्र लावायचे, तेव्हा ओळीने नऊ वर्षं पहिला नंबर त्याचा होता. त्याचं त्याला भारी कौतुक होतं आणि ते तो लपवतही नसे.

जानेवारीत त्याचा उजवा खांदा उघडून शिवावा लागला. डॉक्टरीणबाईंनी उन्हाळ्यापासून बेचाळीस पौंडांची परवानगी दिली, तीही तोंड वाकडं करून. हार्लनने नवं धनुष्य घेतलं आणि त्यावर आपले जुने दोन तोळ्यांचेच बाण चढवले. बाण अजूनही बऱ्यापैकी सुसाट जात होते, आणि तिथेच तो फसत होता. जे बाण पूर्वी सरावाच्या गवताच्या गठ्ठ्यात पिसांपर्यंत रुतायचे, ते आता चार बोटं आत जाऊन लोंबकळत होते. आर्डिस ते उपटून आणायची तेव्हा तिला जोर लावावा लागत नसे. ते ती कोणाला सांगत नव्हती, आणि हार्लन तिच्याकडे बघत नव्हता.

गठ्ठ्यात बाण किती रुततो याची काळजी करायचं कारण होतं फऱ्याचा नियम, आणि तो नियम हार्लननेच केला होता.

एल्क म्हणजे घोड्याएवढं सांबर. बरगड्यांमधून बाण गेला तर ते शंभर पावलांत शांतपणे खाली बसतं. पण बाण सुटायला आणि त्याने एक पाय पुढे टाकायला एकच गाठ पडली, तर बाण फऱ्याच्या, म्हणजे पुढच्या खांद्याच्या, पसरट हाडावर बसतो. सव्वीस वर्षांपूर्वी हार्लनच्या बाणाचं तसंच झालं. मादी होती. हाडात रुतलेला बाण घेऊन ती पळाली. हार्लनने तीन दिवस रक्ताच्या थेंबामागून रान तुडवलं आणि चौथ्या दिवशी डोमकावळ्यांमुळे ती सापडली. मांस नासलं होतं. ती लगेच मेली नव्हती, हे खाली तुडवलेल्या गवतावरून कळत होतं. हार्लन घरी आला आणि दोन दिवस कोणाशी बोलला नाही. आर्डिस तेव्हा पंधरा वर्षांची होती. बापाला रडताना तिने त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही.

पुढच्या वर्षापासून नियम आला. मोसमाआधीच्या बुधवारी हार्लनच्या अंगणात बैलाच्या फऱ्याचं हाड, वरून ओलं कातडं गुंडाळून, मध्ये भोक पाडलेल्या फळीला ठोकायचं. शिकारीच्या तळावर येणाऱ्या प्रत्येकाने वीस पावलांवरून एकच बाण सोडायचा. आधी सराव नाही, नंतर दुसरी संधी नाही. बाणाचं टोक हाडापलीकडे वीतभर निघालं, तर धनुष्य तळावर न्यायचं. नाही निघालं, तर धनुष्य घरी राहील. नियमाला नातं नाही, असं हार्लन म्हणायचा.

पंचवीस वर्षांत एकच माणूस त्यात नापास झाला होता, आणि तो होता डेलमार प्रुइट.

डेलमार हा हार्लनचा शाळेपासूनचा दोस्त. एल्कच्या नराची हाक अशी हुबेहूब काढायचा, की नर तणतणत त्याच्या अंगावर धावून यायचे. हार्लनची हाक ऐकून मात्र ते डोंगर बदलायचे. त्यामुळे डेलमारने मागे बसून हाका मारायच्या आणि हार्लनने पुढे बसून बाण सोडायचा, दुसऱ्या दिवशी उलट, हार्लनच्या हाकांवर कसंबसं, असं त्यांचं तीसेक वर्षं चाललं होतं. पाच वर्षांपूर्वी डेलमारच्या कोपराची शीर गेली आणि तो पंचेचाळीस पौंडांवर आला. बाण मात्र हार्लनने हौसेने त्याला करून दिलेले, दोन तोळ्यांचे. त्या बुधवारी त्याचा बाण हाडात दोन बोटं गेला आणि तिथेच थरथरत राहिला.

“मला आठवडाभर दे,” डेलमार म्हणाला होता. “जड बाण करून आणतो. चूक बाणाची आहे.”

“जड बाण म्हणजे म्हातारपणाची काठी,” हार्लन म्हणाला होता. “नियम म्हणजे नियम. तू ये की तळावर. चूल सांभाळ, हाका मार.”

अंगणात तेव्हा सातआठ माणसं होती. दोघंतिघं हसलीसुद्धा. डेलमारने आपलं धनुष्य गाडीत ठेवलं आणि तो निघून गेला, तो परत त्या अंगणात आला नाही. त्यांच्या घरांत चार मैलांचं अंतर. दाणागोट्याच्या दुकानात गाठ पडली तर दोघं एकमेकांना सोडून फळ्यांवरच्या डब्यांकडे बघून मान हलवायचे.

आणि आज काट्यावर ठेवलेले बाण डेलमारचे होते. हे फक्त आर्डिसला माहीत होतं.

एप्रिलमध्ये ती त्याच्याकडे गेली होती, कारण कमी ओढीच्या धनुष्याचं दुःख ज्याला कळेल असा दुसरा कोणी तिला ठाऊक नव्हता. डेलमार कोठारात घोड्याचा जुना लगाम तेलाने पुसत बसला होता. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं. बेचाळीस म्हटल्यावर एकदा ओठ चावले.

“हातोडीने कधी कुंपणाचा खांब ठोकलायस?” त्याने विचारलं.

“खांब घणाने ठोकतात, डेलमारकाका.”

“का? हातोडी तर जास्त भरभर चालते.” तो लगाम बाजूला ठेवून म्हणाला, “तुझ्या बापाला हेच कधी कळलं नाही. हलका बाण धनुष्यातली ताकद सगळी घेतच नाही. उरलेली दोरीच्या थरथरीत जाते. तो कडाड आवाज येतो ना, तीच ती वाया गेलेली. जड बाण सावकाश निघतो, पण पोटभर जेवून निघतो. हवेत दोघंही चालतात. हाड लागलं की खरं कळतं. हलका बिचकतो. जडाला थांबायला वेळ लागतो, तेवढ्यात तो पलीकडे गेलेला असतो.”

“मग सगळेच जड का नाही वापरत?”

“खाली पडतो लवकर. वीस पावलांपलीकडे नेम धरायचा नाही. जवळ जावं लागतं, वाट बघावी लागते.” तो हसला. “हार्लनचा आणि वाट बघण्याचा छत्तीसचा आकडा.”

मग त्याने शिडी लावून तुळईवरून एक लांबट खोकं काढलं. आत सहा बाण होते. जाड कांडी, टोकाजवळ पितळ भरलेलं, आणि अरुंद दुधारी पाती.

“पडून आहेत. घेऊन जा. त्याचे आणि माझे हात सारख्याच लांबीचे आहेत.”

“तुम्हाला नकोत?”

“नाही.” त्याने खोक्यावरची धूळ बाहीने पुसली. “माझं नाव काढायचं नाही. काढलंस तर तो हात लावणार नाही, नापास होईल, आणि घरी बसून तुझं डोकं खाईल. मला त्यात काय मिळणार?”

माणूस शिकारीला विटला असावा, असं आर्डिसला तेव्हा वाटलं. तिने खोकं घरी आणलं आणि बापाला सांगितलं की सुटे भाग मागवून आपणच जोडले.

“बरं,” हार्लन आता म्हणाला आणि खुर्ची मागे सरकवून उठला. “तुझं समाधान होऊ दे. आज तुझाच खांब सोडतो.”

आर्डिसने वर बघितलं. इतक्या सहज तो मानेल असं तिला वाटलं नव्हतं. सुंभ जळला तरी पीळ न सोडणारा माणूस. पण तो तोवर दाराशी जाऊन बूट चढवायला लागला होता, आणि डाव्या हाताने उजवा खांदा चोळत होता.

हाड घेऊन मेरिल आला तो चारच्या सुमाराला. मेरिल आर्डिसचा आतेभाऊ. गावात त्याचं मांसाचं दुकान होतं, त्यामुळे दरवर्षीचं हाड त्याच्याकडून यायचं. त्याने गाडीच्या मागून ओल्या कातड्याचं ओझं उतरवलं आणि फळीवर टेकवलं.

“मामा, यंदा बैल असा आणलाय, की जिवंतपणी भिंतीला धडक द्यायचा. हाड बघा. परात आहे परात.”

“बारीक बघून आणायला काय झालं होतं?” आर्डिस हळूच पुटपुटली.

“तसं आणलं असतं तर मामांनी मलाच फळीला ठोकलं असतं,” मेरिलही हळूच म्हणाला. मग त्याने तिच्याकडे नीट बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. “होईल गं. होईल.”

मेरिलने आपला बाण सोडला, तो गेला. आर्डिसचा गेला. मेरिलने हाड थोडं फिरवून कोरी जागा पुढे आणली, कातडं ओढून ताणून बसवलं आणि तो बाजूला झाला. यंदा तळावर येणारी बाकीची दोघं हाड ठोकल्या ठोकल्या आपापला बाण सोडून निघून गेली होती. निदान बघे नव्हते, एवढंच बरं होतं.

हार्लन रेघेवर उभा राहिला. त्याने बाण दोरीला लावला, धनुष्य उचललं आणि ओढलं. पूर्वी तो ओढायचा ते एका झटक्यात. आता अर्ध्यावर आल्यावर त्याच्या मानेची शीर वर आली आणि कोपर किंचित कापलं. आर्डिसने स्वतःच्या दोन्ही मुठी खिशात घातल्या. आज हा बाण अडला, तर शनिवारी हा माणूस खिडकीपाशी बसून गाड्या डोंगराकडे जाताना बघेल, आणि मग हळूहळू खिडकीशीसुद्धा बसणार नाही. आई गेल्यावर चार महिने तो तसा होता. त्यातून त्याला बाहेर काढलं होतं ते याच अंगणाने.

दोरी सुटली. कडाड असा आवाज झालाच नाही. जाड पुस्तक मिटल्यासारखा एक मऊ आवाज आला, आणि बाण हवेत चक्क दिसला, थोडा वर चढून खाली येताना. मग ठप्प झालं.

मेरिल धावला. फळीमागे वाकला आणि तिथेच थांबला.

“अरे, इथे नाहीये,” तो म्हणाला. “गेला कुठे?”

बाण फळीमागच्या मातीच्या बांधात पिसांपर्यंत घुसला होता. हाडाला एक अरुंद चीर होती, स्वच्छ, कडेला तडासुद्धा नाही. वीतभर बाहेर निघायचं होतं, तो सगळाच पलीकडे गेला होता.

“मामा, हे काय आहे?” मेरिल हाडातून बोट घालून दाखवत होता. “पासष्ट पौंडांवर तुमचा असा गेला नव्हता कधी. बेचाळीसमध्ये? मला द्या बाबा असले चार.”

आर्डिसला हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांतलं पाणीही. ती बापाकडे वळली. हार्लन अजून रेघेवरच होता. धनुष्य खाली धरून तो फळीकडे बघत होता. मग सावकाश चालत आला, वाकला आणि चिरेच्या कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, आणि पुन्हा एकदा.

“बाबा, झालात पास.”

“हो.”

“मग असं तोंड का?”

“मेरिल,” हार्लन म्हणाला, “आत जाऊन बीअर घे.”

मेरिलला तेवढं कळत होतं. तो आत गेला. हार्लनने बांधातून बाण उपटला. त्याला दोन्ही हात लावावे लागले. पात्यावरची माती त्याने पँटला पुसली आणि बाण फिरवून पिसांकडे बघितलं.

“हे डेलमारचे आहेत ना?”

खोटं बोलायला आर्डिस तोंड उघडणार होती, पण बापाचा आवाज रागाचा नव्हता.

“हो,” ती म्हणाली. “कधी ओळखलंत?”

“जूनमध्ये. पहिल्याच दिवशी. पिसं दोऱ्याने बांधून वर लाख लावणारा माणूस या जिल्ह्यात एकच आहे. आणि गाठ उलटी मारतो, डावखुरा ना. चाळीस वर्षं बघतोय त्याच्या गाठी.”

“मग बोलला का नाहीत? तीन महिने नुसती माझी चेष्टा करत होतात.”

हार्लन फळीच्या कडेवर टेकला. तो एकाएकी फार थकलेला दिसला.

“मला वाटत होतं, अडेल,” तो म्हणाला. “खरं सांगू? अडावा असंच वाटत होतं.”

“बाबा, अडला असता तर तुम्ही घरी बसला असता.”

“बसलो असतो. पण बरोबर ठरलो असतो.” त्याने बाण मांडीवर आडवा ठेवला. “तो पंचेचाळीस ओढत होता, आर्डिस. माझ्याहून तीन पौंड जास्त. आणि त्याच्या हातात माझा बाण होता, मी केलेला. चूक बाणाची आहे, असं तो मला तोंडावर सांगत होता. आठवडाभर दे म्हणत होता. मी त्याला चूल सांभाळ म्हटलं.”

आर्डिस त्याच्या शेजारी टेकली. तिला बापाची कीव आणि राग दोन्ही एकदम आले. त्या दिवशी हसणाऱ्यांत आपणही होतो, हे तिला आठवत होतं.

“नियम त्या मादीसाठी केला होता मी,” हार्लन म्हणाला. “दुसऱ्या कोणाचे तसे हाल होऊ नयेत म्हणून. आणि वापरला कशासाठी, तर माझेच बाण चांगले म्हणून.”

थोड्या वेळाने तो उठला. फळीवरचं हाड त्याने पक्कडीने सोडवलं, वळवून बघितलं, एक कोपरा अजून कोरा होता. हाड त्याने गाडीच्या मागे ठेवलं आणि खिळे, हातोडी ठेवली.

“चल,” तो म्हणाला. “तू चालव. माझा खांदा दुखतोय.”

चार मैलांवर डेलमारच्या फाटकाशी आल्यावर तो म्हणाला, “थांब जरा.” आर्डिसने गाडी थांबवली. हार्लनने टोपी काढली, केस सारखे केले, टोपी पुन्हा घातली. “हं. घे आत.”

डेलमार कोठाराच्या दाराशी पिंपावर बसून सफरचंदं निवडत होता, चांगली एका टोपलीत, किडकी घोड्यासाठी दुसरीत. गाडी ओळखून तो उठला नाही. आर्डिसकडे त्याने एकदा बघितलं, तशी तिने मान खाली घातली.

“मी नाही सांगितलं, काका. त्यांनी गाठी ओळखल्या.”

“गाठी,” डेलमार म्हणाला. “हं.”

हार्लन त्याच्यापासून पाचसहा पावलांवर उभा राहिला. हातात बाण होता.

“आरपार गेला,” तो म्हणाला. “पिसांसकट. मागच्या बांधात.”

“जाणारच.”

“तुला कसं ठाऊक?”

डेलमारने सफरचंद टोपलीत टाकलं आणि अंगठ्याने मागे कोठारात दाखवलं. आत, लगाम टांगायच्या खुंटीच्या वर, एक फऱ्याचं हाड ठोकलेलं होतं. जुनं, पिवळं पडलेलं. मध्ये अरुंद चीर होती. एप्रिलमध्ये आर्डिस त्याच्याच खाली उभी होती आणि तिने वर बघितलंच नव्हतं.

“त्याच आठवड्यात,” डेलमार म्हणाला. “मंगळवारी. मोसम उघडून तीनच दिवस झाले होते.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलं नाहीस.” तो दुसरं सफरचंद फिरवून बघू लागला. “मला वाटलं, येशील. पहिलं वर्षभर तर दर गाडीला मी खिडकीतून बघायचो. ओपल म्हणायची, जा तूच. मी कशाला जाऊ? मला सगळ्यांसमोर चुलीपाशी बसवलं होतं.”

“हो.”

“लोक हसले.”

“हो,” हार्लन म्हणाला. “चुकलो मी.”

आर्डिसने हे दोन शब्द बापाच्या तोंडून उभ्या जन्मात ऐकले नव्हते. ते त्याने अवघडून, परकी भाषा बोलावी तसे उच्चारले. डेलमारने मान वर केली नाही.

“इथे म्हणून काय उपयोग? ऐकायला ही एकटी पोरगी. तेव्हा आठ जण होते.”

“त्यांच्यासमोरही म्हणेन.” हार्लनने गाडीकडे हात केला. “हाड आणलंय मी. कोपरा कोरा आहे. बाण हा घे, तुझाच आहे. धनुष्य काढ आणि सोड. आत्ता. मेरिलला फोन करून बोलावतो, सगळ्यांना बोलावतो.”

डेलमारने डावा हात पुढे केला, तळवा वर, आणि बोटं मिटायचा प्रयत्न केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटलं. बाकीची अर्ध्यावर राहिली.

“मार्चपासून,” तो म्हणाला. “दोरी धरवत नाही. सफरचंद उचलायचं तर उजव्याने उचलतो. पाच वर्षं मी इथे रोज संध्याकाळी ओढत होतो, हार्लन. पाच वर्षं हे बाण तयार होते. म्हणून तर दिले हिला. पडून राहण्यापेक्षा.”

आर्डिसला एप्रिलमधला तो लगाम पुसणारा हात आठवला. उजवा होता. डावखुऱ्या माणसाचा उजवा हात, आणि तिच्या लक्षात आलं नव्हतं.

हार्लन पुढे झाला. बाण त्याने पिंपाला टेकवून ठेवला आणि स्वतः सफरचंदांच्या टोपलीशेजारी जमिनीवर बसला, गुडघे कुरकुरत असताना, खांदा हाताने धरून. दोघंही आता समोरच्या डोंगराकडे बघत होते.

“पाच वर्षं खाल्ली मी तुझी,” हार्लन म्हणाला.

“सहा,” डेलमार म्हणाला. “यंदाचं धरून.”

“यंदाचं धरू नकोस.”

डेलमारने एक किडकं सफरचंद घोड्याच्या टोपलीत टाकलं.

“मला हाका मारता येत नाहीत, हे तुला माहीत आहे,” हार्लन म्हणाला. “हा बाण वीस पावलांच्या पलीकडे टाकायचा नाही. तेवढ्या जवळ नर आणणारा माणूस मला दुसरा माहीत नाही. पाच वर्षांत मी एकही पाडला नाही, विचार हिला. मी तुला उपकार म्हणून बोलवत नाही. माझं अडलंय.” त्याने घसा साफ केला. “आणि तळावर सगळे असतील. तिथे म्हणतो, जे म्हणायचं ते. शनिवारी पहाटे चारला गाडी घेऊन येतो.”

स्वयंपाकघराच्या जाळीच्या दाराशी डेलमारची बायको ओपल येऊन उभी राहिली होती. तिने आर्डिसकडे बघून भुवई उंचावली, आर्डिसने खांदे उडवले. दोघींपैकी कोणी पुढे आली नाही.

डेलमारने टोपलीतलं एक सफरचंद उचललं, उजव्या हाताने, चहूबाजूंनी फिरवून बघितलं आणि हार्लनच्या हातात दिलं.

“चारला निघून त्या खिंडीत पोचेस्तोवर उजाडेल,” तो म्हणाला. “नर काय तुझी वाट बघत बसणार आहेत? साडेतीनला ये.”

“साडेतीनला,” हार्लन म्हणाला.

“आणि उशीर करू नकोस, तुझ्या सवयीप्रमाणे.”

उशीर करायची सवय जन्मभर डेलमारची होती, हार्लनची कधीच नव्हती. आर्डिसने बापाकडे बघितलं. तो उलटून बोलेल म्हणून तिने श्वास धरला होता.

“नाही करणार,” हार्लन म्हणाला, आणि सफरचंद शर्टाला पुसू लागला.